बूट घालून बसलेली मुलगी

टपालखात्यात पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या टेबलावर एकतीस वर्षे काढलेल्या त्या बाईंना सगळे भिंगताई म्हणत. शाई फुटलेला किंवा अर्धा फाटलेला कसलाही पत्ता समोर आला, की त्या भिंग उचलत आणि लिहिणारा डावखुरा आहे की आजारी, हे आधी सांगून मग गावाचे नाव सांगत. निवृत्तीनंतर हा डोळा रिकामा पडला होता.

त्यांना सांताच्या एल्फांत ओढले ते टपालातल्याच तिकीटखिडकीवरच्या जुन्या मैत्रिणीने. एल्फ म्हणजे सांताच्या कारखान्यातले बुटके मदतनीस; इथे मात्र ते इंटरनेटवर जमलेले चारशे धडधाकट प्रौढ होते, बहुतेक पेन्शनर. मुलांनी सांताला लिहिलेल्या पत्रांचे फोटो त्यांना संगणकावर येत. उत्तर हाताने लिहून फोटो परत धाडायचा. मैत्रीण चार वर्षांत तिथली वरिष्ठ झाली होती.

"सत्तर किलोची एल्फ चालते का गं तुमच्यात?" भिंगताईंनी विचारले.

"पळते! आमच्या मुख्यांचे तर दोन्ही गुडघे नवे आहेत."

नियम एकच कडक होता : बोलायचे ते सांताच्या तोंडून, स्वतःची कहाणी मध्ये आणायची नाही.

त्यांच्या वाट्याचे पहिले पत्र वेड्यावाकड्या अक्षरांत होते. 'सांता, मला खेळणं नको. माझी ताई मला न उठवता नोकरीला गेली. शनिवारी येणार होती. मी बूट घालून दारात बसते. तिला सांग, मी रागावले नाही.'

भिंगताईंनी चष्मा काढून ठेवला. बाविसाव्या वर्षी त्याही अशाच पहाटे निघाल्या होत्या. नऊ वर्षांची धाकटी बहीण झोपेत होती. 'शनिवारी येते' असा निरोप आईजवळ ठेवला आणि त्या आल्या सात महिन्यांनी. तोवरचा प्रत्येक शनिवार धाकटीने बूट घालून दारात काढला होता. पुढे ती भांडली नाही, रडली नाही. थोरल्या बहिणीला फक्त 'अहो ताई, तुम्ही' म्हणू लागली. आज दोघींचे केस पांढरे झाले, तरी ते 'तुम्ही' हटलेले नाही.

जगात अशी आणखी एक मुलगी आहे, एवढेच त्या वेळी भिंगताईंना दिसले. अक्षर मोठे करून पाहणे त्यांना सुचलेच नाही. उभ्या हयातीत हे पहिल्यांदा घडले.

उत्तर चार पाने झाले. सांताच्या तोंडून त्यांनी जे लिहिले, ते त्या स्वतःशीसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. 'तू रडशील म्हणून ताईने तुला उठवले नाही, असे सगळे म्हणतील. ते खरे नाही. त्या सकाळी ती फार आनंदात होती. तो आनंद तुला दिसला असता, याची तिला लाज वाटली. तुझे काहीही चुकले नाही.'

मग रोज सकाळी चहाआधी संगणक उघडू लागला. मुलीकडून काही आले का? आठवड्याने बहिणीसाठीही कोरा कागद काढला. एका मुलीला लिहिता आले, तर दुसरीलाही येईल, असा धीर त्यांना आला होता.

एल्फांच्या रविवारच्या ऑनलाइन बैठकीत मुख्यांनी एक उत्तर मोठ्याने वाचले. दुसऱ्याच वाक्याला भिंगताईंनी ते ओळखले. वाचून झाल्यावर पडदाभर टाळ्यांची चित्रे उमटली.

"कसोटीच्या पत्राला आलेलं आजवरचं सर्वांत सुंदर उत्तर! नियम मोडलाय, पण काय मोडलाय!" मुख्य म्हणाले.

"त्या मुलीला पोचलं ना?" भिंगताईंनी विचारले.

"अहो, कसली मुलगी! पहिलं पत्र सगळ्यांनाच बनावट जातं. हात कसा आहे ते बघायला." कोणीतरी हसले, वाईट हेतूने नव्हे.

बैठक संपण्याआधीच त्यांनी ते पत्र पडद्यावर मोठे केले. अक्षर उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने काढलेले होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी शाईचा ठिपका होता. खिडकीवर पावती लिहिता लिहिता गिऱ्हाइकाकडे बघणाऱ्या माणसाचे पेन ओळ संपली, की कागदावरच टेकून राहते. असे पेन त्यांनी एकाच बाईचे पाहिले होते, आणि बुटांची गोष्ट आयुष्यात सांगितली होती तीही त्याच बाईला, कधीतरी मधल्या सुट्टीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"माझीच गोष्ट सापडली तुला?"

मैत्रिणीने गॅस बारीक केला. "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. इतकी वर्षं आत दाबून ठेवलंस. निघालं की नाही बाहेर?"

"निघालं. चारशे जणांसमोर."

"नाव कुठे घेतलं कोणी? आणि बिघडलं काय? तेच पत्र उचल आणि बहिणीला पाठव. इतकं छान लिहिलंयस."

"छान लिहिलंय, तेच तर झालंय!" भिंगताईंचा आवाज चढला. "काल रात्रीपासून तिला लिहायला बसतेय. एक वाक्य सुचलं, की टाळ्या ऐकू येतात. माझ्याजवळ तिला देण्यासारखं तेवढंच खरं होतं गं. ते तू नमुना म्हणून वाचायला दिलंस."

"मी नाही, मुख्यांनी वाचलं..."

"मुलीला पोचलं का, म्हणून मी तुला तीनदा फोन केला. तीनदा तू म्हणालीस, थांब, येईल उत्तर."

मैत्रिणीने उगाच ओटा पुसला.

भिंगताईंनी पिशवीतून पाच कागद काढून टेबलावर ठेवले. ती खऱ्या मुलांची पत्रे होती, त्याच सकाळी त्यांना आलेली आणि त्यांनी छापून घेतलेली. एकाला सायकलची घंटी हवी होती, एकीला कुत्रा.

"यांना तू लिही. मी सकाळपासून वाचतेय, आणि प्रत्येक ओळीत मला लिहिणारा मोठा माणूसच दिसतोय. पोरांची वाट बघणं माझ्यामुळे नको लांबायला."

"आणि बहिणीचं?"

भिंगताई चपला घालत होत्या. "तिला काय लिहू? कागद अजून कोराच आहे," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतले.