खाकी कागदाची वटवाघळं

बारा वर्षं मी तारापूरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. गोळ्यांच्या खोक्यात ते बारीक अक्षरांचं पत्रक असतं ना, जे कुणीही वाचत नाही, त्याच्या घड्या आम्ही बायका हाताने घालायचो. कोपऱ्याला कोपरा, वर नखाचा दाब. गेल्या वर्षी घड्यांचं मशीन आलं आणि आम्हाला खोकी भरायला बसवलं. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्यावर अशी आग पाखडली, जणू मशीन त्यानेच आणलं. "माझ्यासारखी घडी त्या मशीनला जन्मात येणार नाही," म्हणत भांडी आपटली. लेक शेजारीच अभ्यासाला बसली होती.

ऑक्टोबरात याच लेकीने घोळ घातला. चौथीच्या वर्गात हॅलोविन होतं, तो परदेशी भुताखेतांचा सण, त्यासाठी दारावर टांगायला कागदी वटवाघळं हवी होती. एक मुलगी म्हणाली, मी ऑनलाइन मागवते. आमची बया लगेच उभी राहिली. म्हणे मी घरी केलेली आणते, तुझ्याहून भारी. घरी येऊन मला सांगते, "नाही जमली ना आई, तर सगळे मला हसतील." अगं, मग तोंड उघडायच्या आधी मला विचारायचंस तरी.

बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात सगळे कंदिलाचे गुलाबी-पिवळे कागद. "काला नहीं है भाभी, दिवाली में काला कौन लेता है?" वैतागून वह्यांना घालायचा खाकी कागद उचलला. लाइनवर माझ्या शेजारी बसणारी नवापूरची मैत्रीण मात्र म्हणाली, "बरं झालं. वटवागूल कालं असतं असं कोन बोललं तुला? आमच्या चिंचेवर लटकलेली हायत, खाकीच हायत. दिवसा पंख मिटून, डोकं खाली."

मला तेवढंच पुरलं. पंखांना बारीक चुण्या घातल्या, त्या अंगाशी घट्ट मिटल्या आणि टोकांना दोरा बांधला. दोरा खाली ओढला की दोन्ही पंख एकदम उघडायचे. रविवारभर बसून वीस केली. लेकीला बजावलं, एकही उघडायचं नाही, घडी बिघडते. आमच्या लाइनवर उघडलेलं पत्रक बाद धरतात, ती सवय. दोरा कशासाठी आहे हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती. सकाळी टीचरचा फोन आला, मुलगी रडतेय, या. सालवडच्या घरून रिक्षा करून शाळेत पोचले. वर्गाच्या दारावर माझी वीस वटवाघळं ओळीने उलटी टांगलेली आणि पोरं खिदळतायत, "सुके बोंबील, सुके बोंबील." खरं सांगते, दिसतही तशीच होती. टीचर बिचाऱ्या समजुतीने म्हणाल्या, पंख राहिलेत वाटतं, आपण आजच्या दिवस ती ऑनलाइन मागवलेली तयार लावूया. लेक खाली मान घालून उभी. मी सांगितलं म्हणून तिने एकाही घडीला हात लावला नव्हता.

माझंच चुकलं होतं. मी पुढे झाले आणि पहिला दोरा ओढला. फर्रकन पंख उघडले. मग दुसरा, तिसरा. खिदळणं थांबलं. पोरं दाराशी गोळा झाली, माझा नंबर, माझा नंबर करत.

टीचरनी विचारलं, "कुठला व्हिडिओ बघून केलंत?"

लेकीने फ्रॉकला नाक पुसलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हिडिओ नाही टीचर. माझी आई कंपनीत घड्या घालायची. तिच्यासारखी घडी मशीनला जन्मात येणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिथेच, सगळ्या पोरांसमोर. पुसलंही नाही मी.

दुपारी शिफ्टला गेले. मशीन आपलं खटाखट घड्या घालत होतं. चालू दे म्हटलं, आणि खोकी भरायला बसले.