कालच्या तारखेची ओळ

"ओ बुवापाडा! एक ओळ रिकामी ठेवायला सांगितली होती ना?"

वकिलांच्या गर्दीत रजिस्ट्रारसाहेब ओरडले. बुवापाडा ही माझी वस्ती; माझं नाव त्यांना ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं मी कोर्टात कारकून आहे. एक वकील हसला. माझे कान तापले.

नातवंडांनो, तुम्ही दूर आहात, म्हणून नीट सांगते. अपिलाला मुदत असते. कागद आला की मी दाखल-वहीत तारीख आणि क्रमांक लिहिते. संगणकात तेच चढतं. ही वही चोख राखणं रजिस्ट्रारचं काम. कागदात त्रुटी असेल तर तो परत करण्याचा अधिकार त्यांचा. तारीख बदलण्याचा कुणालाच नाही. तरी आमच्याकडे संध्याकाळी एक ओळ कोरी सोडत. मोठ्या वकिलाचा कागद उशिरा आला, तर तो आदल्या दिवशीचा व्हायचा.

मीही सोडायचे. कित्येक वर्षं.

त्या दिवशी एका बिल्डरचं अपील आलं. सोनिवलीची एक विधवा राहत्या घराचा दावा जिंकली होती, तिच्याविरुद्ध. मुदत आदल्या दिवशीच संपलेली. त्या आदल्या संध्याकाळी ती विधवा खिडकीशी येऊन गेली होती.

"ताई, कोनी अपील टाकलंय का?"

"नाही," मी म्हटलं. ती गेली. त्या दिवशी मी कोरी ओळ न सोडता शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून सही केली.

"खोडा ती रेघ. कालची तारीख घाला," साहेब म्हणाले.

"सर, लेखी आदेश द्या."

"चार बुकं इंग्रजी शिकली म्हणून मला कायदा शिकवते? पेन्शन पायजे ना?"

मी पेन उचलून लिहिलं. आजची तारीख. अक्षर वाकडं आलं, पण तारीख खरी आली.

आता माझ्यावर उद्धटपणाची नोटीस आहे. निवृत्तीला चार महिने उरलेत. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, सॉरी लिही आणि मोकळी हो."

सोमवारी चौकशी आहे. पण माफी लिहिणार नाही. आधी मी सोडलेल्या कोऱ्या ओळी सांगणार. मग कुणी सोडायला लावल्या, त्यांचं नाव. मग म्हणणार, सगळ्या जुन्या वह्या काढा. त्यात माझी पेन्शन गेली तर जाऊ दे.