पाच पानांचा घोळ

लीलाआक्का मूळची माण तालुक्यातली. सुभेदार नवऱ्यामागं चार छावण्या फिरली आणि पेन्शनीला लखनौच्या तेलीबागेत टेकली. एवढ्या फिरतीत तिनं स्वतःचं म्हणून कमावलं काय, तर तीन पत्तीतलं नाव. फॅमिली क्वार्टरात दिवाळीला तिच्यासमोर बसायला बायका कचरायच्या.

आता दर गुरुवारी दुपारी वृंदावन योजनेत सुलभाकडं पाचजणींचा डाव पडायचा, तोही पैशांवर नाही, मखाण्यांवर. सुलभा रेल्वेतल्या इंजिनिअरची बायको, नागपूरची. आक्काला तो गुरुवार भाकरीइतका लागायचा. घरी नातू मराठीला हिंदीत उत्तर द्यायचा आणि सुभेदार नुसते हुंकारायचे. तोंडभर बोलायला मिळायचं ते त्या टेबलावरच.

अशात सुलभाची सून रुचा बंगळूरहून पोकर शिकून आली. तीन पानांची पाच झाली. कोणता हात मोठा, कोणता लहान, याचा कागद रुचानं सगळ्यांच्या हातात दिला.

"पुढच्या गुरुवारी ज्यांना हे येणार नाही त्यांनी बघत बसायचं हां. शेजारच्या अनघाताई कधीच्या खुर्चीला टपल्यात."

कागद वाचून आक्काचे डोळे फिरले. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीची पानं, वर; कलर, म्हणजे सगळी बदाम नाहीतर सगळी किलवर, खाली. इथं कलर वर, सिक्वेन्स खाली. आणि तीन सारखी पानं, ज्यांच्यापुढं आजवर कुणाची टाप नव्हती, ती तर दोघांच्याही पायाशी. सासूनं पाणी भरावं नि सुनेनं पाटावर बसावं, तसला प्रकार.

"आगं, ह्ये उलटं कसं?"

"जे क्वचित जमतं ते मोठं, आक्का. सिंपल!" म्हणत रुचानं मोबाईलवर आकडे दाखवले. आकडे बघून होतं तेवढंही डोक्यातून गेलं.

घरी तिनं सुभेदारांना विचारलं.

"ऑर्डर हाय," ते म्हणाले. "कारण इचारायचं न्हाय."

"म्हनून तुमचं डोकं अजून नव्यासारखं हाय. वापरलंच कुटं!"

आठवडाभर ती डाळ निवडतानाही पुटपुटत होती. भाजीवाल्या भैयानं "माताजी, आलू?" विचारलं, तर म्हणाली, "पहले कलर, बाद में सिक्वेन्स." त्यानं मुकाट्यानं दोन किलो आलू तोलले.

गुरुवार उजाडला. अनघाताई बशी घेऊन खुर्चीमागंच उभी. एका डावाला दोन पानं बदलून आक्काकडं पंजा, छक्का, सत्ता, अठ्ठा, नव्वा अशी रांग लागली. सुलभानं पाची किलवर मांडले, पण आकडे कुठले कुठं. जुन्या सवयीनं आक्काचा हात मखाण्यांवर गेला.

"थांबा," रुचा म्हणाली. "कुणाचं मोठं? तुम्हीच सांगा."

हात ढिगावर तसाच राहिला. घरी फ्रिजवर चिकटवलेला रुचाचा कागद काही केल्या आठवेना. आक्का नुसतीच सुलभाच्या पानांकडं बघत राहिली. पाची काळे, एका तोंडवळ्याचे. गावाकडची भावकीच ती.

"सुलभे, ही पाच एका भावकीची," ती सावकाश म्हणाली. "रांग काय, रेशनला रोज लागती. पर एका भावकीतली पाच मानसं एका पंगतीला, न भांडता? साठ वर्सांत दोनदा बघितली म्या. त्यात एकदा मयत हुतं." तिनं ढीग सुलभाकडं लोटला. "तुझंच मोठं."

"अरे वाह, आक्का!" रुचानं टाळी दिली. अनघाताई बशी घेऊन सोफ्यावर जाऊन बसली.

आक्कानं पदरानं कपाळ पुसलं. नवीन पानं उचलली आणि तिचा चेहरा पुन्हा पडला. तीन राजे आले होते.

"रुचा, ह्ये तिघं रेशनच्या रांगेपेक्षा हलके?"

"हो, आक्का."

"राजे हायत गं!"

"तरी."

आक्कानं तिन्ही राजे निरखून बघितले. मग सुलभाकडं वळून म्हणाली, "राजांपरीस रांग मोठी! ह्या लखनौचं मला कायबी कळत न्हाय बघ." आणि खुर्ची टेबलाजवळ आणखी वीतभर ओढून बसली.