गेटबाहेरची माणसं

१९९९. जानेवारीतला शनिवार, सकाळ. जालना एमआयडीसीतल्या एका मिलचं सभागृह. हजर: सत्कारमूर्ती, म्हणजे मेडिकल कॉलेजात प्राध्यापक असलेले आमचे सर, त्यांच्या पत्नी, कॉलेजचे सहकारी, मिलवाले, आणि मी, सरांच्या संशोधनावर राबलेली डॉक्टर. गैरहजर: ज्यांच्या छातीवर हा सत्कार उभा होता ती माणसं.

मला खुर्ची नव्हती. शाल-श्रीफळाचं ताट हातात होतं.

सर माईकवर म्हणाले, "ही आमची फिल्डवरची पोरगी. राखीव जागेतून आली, पण पायाला भिंगरी आहे. डोकं माझं, पाय हिचे."

सभागृह हसलं. ताट हललं नाही. सवय होती.

बाजूच्या टेबलावर सरांचे छापून आलेले लेख मांडले होते. सगळ्यात वर आमचा. लोखंडी सळ्या काढणाऱ्या रोलिंग मिलच्या भट्टीवरचा धूर आणि कामगारांची फुप्फुसं. सरांच्या इतक्या लेखांत इतर संशोधकांनी सर्वांत जास्त आधार याच लेखाचा घेतला होता. संशोधकाची पत तशीच मोजतात. किती छापलं, आणि त्याचा हवाला किती जणांनी दिला.

छापलेला लेख मला कुणी दाखवला नव्हता. ताट खाली ठेवलं आणि उभ्यानं वाचला. शेवटी लिहिलं होतं, धुरामुळे कामगारांच्या फुप्फुसांना लक्षणीय इजा आढळली नाही. माझं नाव आभारात. जीपच्या ड्रायव्हरनंतर.

मोजायची रीत साधी. माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात फुंकायचं. काटा सांगतो दम किती. काही माणसं मी मिलच्या गेटवर मोजली, पाळी बदलताना. बाकीची त्यांच्या गावी जाऊन, जाफराबादकडं. एसटीनं, वडापच्या जीपनं. ही खोकला लागल्यावर काम सोडून घरी गेलेली माणसं. त्यात माझा मामा होता. फुंकून झाल्यावर तो बाजेचा पाय धरून बराच वेळ बसला.

"काटा हालला का माय?"

"हालला, मामा."

"मंग बराबर लिही. न्हाईतर म्हणतील, बुढा कामचुकार म्हणून पडून राह्यला."

लेखात मामा नव्हता. गावी गेलेलं कुणीच नव्हतं. फक्त गेटवरचे, जे अजून कामावर येऊ शकत होते ते.

जेवणानंतर सरांना गाठलं. "सर, जाफराबादकडची माणसं कुठं गेली?"

"काम सोडलेला माणूस कामगार कसा? अभ्यास कामगारांचा आहे."

"छातीमुळंच सोडलं ना त्यांनी."

"तुझा मामा आहे त्यात, म्हणून तुला तसं वाटतं." मग त्यांनी पुढच्या लेखाचा कागद समोर सरकवला. "यात पहिलं नाव तुझं. सही कर. तुमच्यातल्या कुणाचं नाव असं छापून आलंय का कधी?"

आलं नव्हतं. आमच्या घरात डॉक्टर मीच पहिली. पेन उघडलं. पण हा लेख आधीच्या लेखावर उभा होता. त्या लेखाचा पुढचा हवाला माझ्या नावानं जाणार होता.

पेन बंद केलं. "नाव नको, सर. माणसं परत घाला."

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. "आणि जाताना ते ताट उचलून ठेव."

ताट तिथंच राहिलं.

त्या उन्हाळ्यात मामा औषधासाठी जुन्या मिलच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं छाती तपासलीच नाही. म्हणाला, "काका, छापून आलंय, धुरानं काही होत नाही. बिड्या सोडा." मामानं जन्मात बिडी ओढली नव्हती. परत आल्यावर मला एवढंच विचारलं, "तू लिव्हलं न्हाई का माय बराबर?"

त्या दिवशी ठरवलं.

लेख छापणाऱ्या नियतकालिकाला कळवलं, गावी गेलेली माणसं गाळली आहेत. त्यांनी मूळ मोजणीचे कागद मागितले. ते सरांच्या कपाटात. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी, रविवारी गावं. नळी स्वतःची.

शहरात गेले की ग्रंथालयात बसते. त्या लेखाचा आधार आणखी कुणी घेतला ते बघते. दर खेपेला नवे सापडतात. एकाचं वाचून दुसरा लिहितो, दुसऱ्याचं वाचून तिसरा. जाफराबादला येऊन कुणी विचारत नाही. इकडं एमआयडीसीत नवी धुराडी उभी राहतात. सरांचा आकडा वाढतो, आणि कुठला तरी डॉक्टर कुणाला तरी बिड्या सोडायला सांगतो.

जाफराबादकडचं काम झालं. मामाकडं पोचले तेव्हा नळी तोंडाशी धरण्याइतकाही दम त्याच्यात उरला नव्हता. महिन्याभरात गेला. त्याच्या नावापुढं लिहिलंय: फुंकता आलं नाही. ती ओळ कुणालाही गाळू देणार नाही.

लेख अजून मागे घेतलेला नाही. काम सोडून घरी गेलेली वडीगोद्रीकडची माणसं अजून मोजायची बाकी आहेत.