हीटर प्लगचा फ्यूज

स्टार्टर मारून मारून हात दुखला, पण गाडी काही पेटेना. बाजूच्या सीटवर बाबा डायलिसिसची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शांतपणे म्हणाले, "हीटर प्लग गेले. इंजिन तापाचा नाय, थंडीत नाय चालू व्हायची. आज ऱ्हवांदे गो."

"ऱ्हवांदे काय? मंगळवारीपण हेच झालं!" मी ओरडलेच.

मंगळवारचं डायलिसिस असंच चुकलं होतं. त्यानंतर बाबा रात्रभर भिंतीला टेकून तोंडाने श्वास घेत बसायचे. पाय इतके सुजले की चपला चढेनात. डॉक्टरांनी फोनवर मला झाप झाप झापलं. पुन्हा चुकलं तर फुप्फुसात पाणी भरेल, म्हणाले. आम्ही राहतो भांडुपच्या टेकडीवर. पहाटे रिक्षावाला वर यायचं नाव घेत नाही आणि मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी चढ बघून कॅन्सल करते. मुलुंडच्या सेंटरला सकाळची पहिली पाळी बाबांची. ही म्हातारी डिझेल गाडी सोडली तर आम्हाला कोण होतं?

नवे प्लग मी आणून ठेवले होते. बसवायला येतो म्हणालेला मेकॅनिक अर्थातच उगवला नाही. मग म्हटलं, मरू दे, मीच बसवते. बाबा जन्मभर डिझेल मेकॅनिक. आई गेल्यावर ते मला गॅरेजमध्येच घेऊन बसायचे, त्यामुळे बाराखडीच्या आधी मला पान्यांचे नंबर पाठ झाले. बॉनेट उघडलं.

"कशाक उगाच हात काळे करतंस?" बाबा आतून म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

तपासल्याशिवाय पार्ट काढायचा नाही, हा बाबांचाच नियम. मोडला की डोक्यात टपली बसायची. म्हणून घाईतसुद्धा आधी चारही प्लगना जोडणारी पट्टी सोडवली. बॅटरीच्या प्लसवरून वायर घेतली, तिला छोटा बल्ब लावला आणि बल्बची दुसरी वायर पहिल्या प्लगच्या डोक्याला टेकवली. प्लग चांगला असेल तर बल्ब पेटतो. पेटला. दुसऱ्यावर पेटला, तिसऱ्यावर पेटला. चौथ्यावरही पेटला तेव्हा मला रडूच यायला लागलं. प्लग ठणठणीत असतील तर मी बदलू काय, कपाळ?

मग बल्बची बॅटरीकडची वायर इंजिनच्या लोखंडाला टेकवली, दुसरी पट्टीच्या वायरला लावली आणि चावी फिरवली. अंधार. म्हणजे प्लगपर्यंत करंटच येत नव्हता. देवा, नुसता फ्यूज उडालेला असू दे, असं पुटपुटत फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं.

हीटर प्लगच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

तो फ्यूज दोन स्क्रूंनी आवळलेला असतो, आपोआप पडायचा प्रश्नच नाही. कुणीतरी तो काढून स्क्रू परत जागच्या जागी बसवले होते, वर ग्रीसचं बोटही फिरवलं होतं. गंजू नयेत म्हणून. अख्ख्या टेकडीवर अशी खोड एकाच माणसाला.

माझं टाळकंच सरकलं. पाना आपटून मी खिडकीशी गेले. "बाबा, फ्यूज द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून चष्म्याचं घर काढलं, फ्यूज त्यात होता. "दमलंय गो मी," म्हणाले. "ती सुई, ता मशीन... माका नको आता."

"मग मला सांगायचं ना! मी काय मेले होते?"

"सांगून काय? तू रडतलंस आणि मी येतलंय."

मी रडत होतेच. रडत रडतच फ्यूज लावला, पट्टी आवळली. चावी फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. बाबांनी सवयीने कान टवकारले. "चारव सिलिंडर मारतत," म्हणाले, आणि चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. मी गाडी थेट मुलुंडच्या सेंटरला नेली.

त्यानंतर डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी फ्यूज मीच काढून ठेवायला लागले, जायचं की नाही ते त्यांनीच ठरवावं म्हणून. सकाळी बॉनेट उघडायचं, फ्यूज बाबांच्या हातावर ठेवायचा आणि विचारायचं, "लावताय?" ते लावायचे. कधी कुरकुरत, कधी मला शिव्या घालत, पण लावायचे. स्क्रू आवळायचे, मी टॉर्च धरायची. तेवढा वेळ माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असायचा.

थंडी सरली. आता फ्यूजशिवायही गाडी चालू झाली असती, तरी मी तो त्यांच्या हातावर ठेवतच होते. एका सकाळी त्यांनी फ्यूज हातात घेतला आणि मूठ मिटली. मी वाट बघितली. "बाबा, लावा ना," म्हटलं. मग हात जोडले. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या गालाला लागलेलं ग्रीस पुसलं. मूठ उघडली नाही.

मी टॉर्च बंद केला. बॉनेट हळूच खाली केलं आणि त्यांना धरून वर घरी नेलं.