दादा आत, मी बाहेर

ट्रकची पुढची काच एकट्यानं बसत नाही. निदान आमच्या जुन्या पद्धतीनं तरी नाही. काचेला चहूबाजूंनी रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि दोरीची टोकं केबिनच्या आत सोडून काच चौकटीला टेकवायची. मग आतला माणूस दोरी ओढतो, रबराची कड चौकटीवर उलटत जाते आणि बाहेरचा तळहातानं काच दाबत दोरीच्या मागोमाग सरकतो. उल्हासनगरच्या आमच्या गॅरेजात पंचवीस वर्षं आत माझा थोरला भाऊ असायचा आणि बाहेर मी. बाहेर ऊन लागतं, म्हणून धाकट्यानं बाहेर. हा न्याय दादाचाच.

शेवटची तीन वर्षं आमचा अबोला होता. गिऱ्हाइकांना पत्ताही लागायचा नाही, कारण काच बसवताना बोलावं लागतंच कुठे? मी एकदा थोपटलं की ओढ, दोनदा थोपटलं की थांब. हातभर अंतरावर त्याचा चेहरा, मध्ये स्वच्छ पुसलेली काच, आणि हा माणूस बघणार रबराकडे. संध्याकाळी तो बदलापूरला, खरवईत घरी जायचा, मी अंबरनाथ पूर्वेला माझ्या खोलीवर. माझं लग्न झालं नाही. दुकानाबाहेर माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे पोळीभाजी केंद्रातल्या बाई, त्याही "पिशवी आणलीय का?" एवढंच विचारायच्या. दिवसभर मी दादावर मनातल्या मनात चिडायचो आणि खोलीवर गेलो की त्याच्या आवाजाची आठवण यायची. खोटं कशाला सांगू, फार यायची.

अबोल्याचं कारण मला माहीत होतं, असं मी धरून चाललो होतो. आई दादाकडे असायची. तिच्या शेवटच्या आजारात तो घरी थांबला होता आणि मी एका ट्रकच्या ड्रायव्हरलाच दोरी ओढायला आत बसवलं होतं. काच अर्धी बसली आणि फोन वाजला. बाजूच्या स्टुलावर फोन होता, दादाचं नाव स्पष्ट दिसत होतं. अर्धी बसलेली काच सोडता येत नाही, हात काढला की ती खाली येते. तरी ड्रायव्हरला बाहेर बोलावून टेकू देता आला असता. मी म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम आहे. फोन चार वेळा वाजला. काच बसवली, हात पुसले आणि मग फोन केला. आई गेली होती. शेजारच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालू होता, रिंग ऐकूच आली नाही, असं मी दादाला सांगितलं. तेराव्यापर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलला, नंतर तेही बंद झालं.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. तो धंदा सोडतोय हे मला चहावाल्याकडून कळलं. सख्ख्या भावाची बातमी चहावाल्यानं द्यावी, याचा इतका संताप आला की मी चहा तसाच टाकून निघून आलो. हल्ली नव्या गाड्यांच्या काचा गमनं चिकटवतात, दोरीची काच महिन्यातून एखादी येते. दादाच्या शेवटच्या शनिवारी नेमकी तशी एक आली. मी ठरवलं, आज बोलायचंच. नाहीतर यापुढे आमच्या दोघांच्या मध्ये काचसुद्धा राहणार नव्हती.

काच नीट बसली. दादा केबिनमध्येच बसून दोरी गुंडाळत होता. मी दार उघडून क्लीनरच्या सीटवर चढलो आणि तीन वर्षं घोकलेलं एकदाचं बोलून टाकलं. "दादा, आई जात होती आणि मी काच सोडली नाही. मला माफ कर."

तो दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मी फोन केला तेव्हा आई गेलेलीच होती. काचेचं मला काही नाही. अर्धी काच मीपण सोडली नसती."

मला वाटलं, सुटलो. मग ही तीन वर्षं कशासाठी, असं मी विचारलं.

"शुक्रवार होता रे तो. सकाळपासून लाइट नव्हती. कंप्रेसर कशावर चालला?"

दर शुक्रवारी लाइनच्या दुरुस्तीसाठी गॅरेजकडे लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आयुष्यात एकदा महत्त्वाचं खोटं बोललो आणि तेही असं. मान वर करायची हिंमत होईना.

"रिंग ऐकू आली होती, एवढं तू सांगशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "रोज समोर तर असायचास."

"ऐकू आली होती," मी म्हणालो. मला रडू आवरलं नाही.

त्यानं मान हलवली. गुडघ्यांमुळे त्याला उतरता येईना, म्हणून मी आधी उतरलो आणि हात दिला. रिक्षात बसेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

आता गमच्या काचा मी एकटाच बसवतो. रविवारी दादा फोन करतो. गुडघे, पाणी, बदलापूरचे खड्डे, एवढं बोलून होतं. मग दोघेही गप्प बसतो. फोन ठेवावासा वाटत नाही, पण पुढे काय बोलायचं हे त्यालाही सुचत नाही आणि मलाही.