दादाला बँडमधून काढलं तेव्हा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. बिल्डिंगमध्ये कोणाच्या अंगात आलं की मी दार लावून टीव्हीचा आवाज वाढवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण आता आईचं वय झालंय आणि आम्हा दोघींशिवाय हे कोणालाच माहीत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात राहायचो. वन रूम किचन, दुसरा मजला. बाबा आधीच गेले होते. घरात आई, मी आणि मोठा भाऊ हेमंत. दादा एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होता, पण जीव सगळा गिटारमध्ये. एक दिवस त्याने नोकरीला लाथ मारली आणि एका ऑर्केस्ट्रात लागला. लग्नं, गणपती, गावोगावच्या जत्रा... महिनोन्महिने बाहेर. आईने आकाशपाताळ एक केलं. तो हसून म्हणाला, "आई, गिटार हातात असली ना की मला भूकसुद्धा लागत नाही."

"तुला नसेल लागत. उद्या बायको आणशील तिला काय वाढशील, सूर?"

तरी तो गेलाच. जाण्याआधी माझ्या क्लाससाठी एक सेकंडहँड कॉम्प्युटर मात्र घेऊन दिला. दसऱ्याला आईने त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. कुंकू की-बोर्डच्या फटीत गेलं म्हणून मी तिच्याशी भांडले होते.

त्यात आधीच्या मालकाने टाकलेला एक गेम होता. आपण रॉक बँडचे मॅनेजर. वादक निवडायचे, त्यांना नावं द्यायची आणि गावोगाव फिरवायचं. चित्रं म्हणजे नुसते ठोकळे, पण खाली इंग्रजीत बातम्या यायच्या त्या भन्नाट. 'ड्रमर चुकीच्या बसमध्ये बसला, आता दुसऱ्याच बँडमध्ये वाजवतोय, लोक खूश आहेत.' 'गायकाने आंघोळ केली, चाहते नाराज.' मी एकटीच खिदळत बसायचे. गंमत म्हणून गिटारवाल्याचं नाव हेमंत ठेवलं.

एक दिवस बातमी आली — 'हेमंतने स्टँडवरची अंडी खाल्ली. आजचा शो टॉयलेटमध्ये.' भाजी निवडत बसलेल्या आईला मी ती मराठीत वाचून दाखवली. त्याच संध्याकाळी दादाचा नाशिकहून फोन. स्टँडवर भुर्जी खाल्ली, पोट बिघडलं, शो बुडाला. मी म्हटलं, प्रवासात कोणाचं पोट बिघडत नाही? पण आई दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की स्टूल ओढून माझ्या बाजूला येऊन बसायला लागली.

"बघ गं, आज कसा आहे."

"आई, हा गेम आहे. हा आपला हेमंत नाही."

"मग नाव कशाला दिलंस त्याचं?"

बघता बघता तिने सगळं शिकून घेतलं. इंग्रजी येत नव्हतं, पण त्याच्या नावाची अक्षरं ओळखायची. नावावर बाण नेला की पर्याय यायचे — पगार वाढवा, आराम द्या, डॉक्टर बोलवा, काढून टाका. कुठला काय ते मीच तिला सांगितलं होतं.

एका दुपारी टँकर आला म्हणून मी बादल्या घेऊन खाली गेले. वर येते तर आई स्क्रीनसमोर, दोन्ही हात मांडीवर.

"काढलं त्याला," ती म्हणाली. "आता येईल घरी."

खाली बातमी होती. 'हेमंतला काढले. तो बरं म्हणाला. गिटार रिसेप्शनवर ठेवली, हॉटेलचे दोन टॉवेल पळवले आणि घरी गेला.' मला हसू आलं. खरंच हसले मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दारात उभा. आईने आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मगच त्याला आत घेतलं. मी म्हटलं, गिटार कुठेय? "राहिली असेल तिथेच," तो म्हणाला, छत्री विसरल्यासारखं. का आलास विचारलं तर, "काढलं मला." कोणी, ते त्याला सांगता येईना. कपडे धुवायला म्हणून मी बॅग उपसली तर तळाशी दोन पांढरे टॉवेल, जळगावच्या लॉजचं नाव छापलेले.

संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या मालकांचा फोन. "ताई, हेमंत पोचला का? अहो, माझा शो त्याच्यावर चालतो, मी कशाला काढू? आम्ही सगळे जेवत होतो. हा मधेच मान वर करून 'बरं' म्हणाला आणि उठून गेला. कोणाला म्हणाला तेच कळलं नाही."

फोन ठेवून वळले तर आई दादाचा डावा हात हातात घेऊन बसलेली. गिटारवाल्यांच्या बोटांना तारांनी घट्टे पडतात. दादाची बोटं तर इतकी कडक होती की गरम पातेलं तसंच उचलायचा. आईने माझ्याकडे पाहिलं, मग मीही हात लावला. बोटं मऊ होती, शाळेतल्या पोराची असावीत तशी. मला भीती वाटली, आणि ती दादाचीच वाटली हे सांगायला आजही लाज वाटते.

पुढे मालकांनी गिटार पाठवून दिली. दादाने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मला परत दिली. "मला कुठे येतं वाजवायला?" तो चेष्टा करत नव्हता.

त्या दिवशी आईने माझा हात धरून मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "परत घे त्याला. मला नको घरी, जाऊ दे त्याला फिरायला." ती रडत होती. मी नाव टाकलं. 'या नावाचा वादक सापडत नाही.' पुन्हा टाकलं, नवीन गेम सुरू केला, दुसरी वाट्टेल ती नावं देऊन बघितली. ती सगळी चालायची. हेमंत तेवढा चालायचा नाही. शेवटी ते मशीनच बंद पडलं आणि भंगारात गेलं.

दादा आता आईला घेऊन एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. चांगली नोकरी, बायको, दोन मुलं. आईला डोळ्यात तेल घालून जपतो. कोणी म्हणेल, मनाला धक्का बसला असेल, माणसं विसरतात. असेलही. मी बरंच वाचलं, गेमचं न सांगता एका डॉक्टरांनाही विचारलं. त्या बोटांचं आणि टॉवेलांचं उत्तर कोणाकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच.

मी भेटायला गेले की आई मला सोडायला लिफ्टपर्यंत येते. मागे दार लोटलंय ना बघते आणि हळूच म्हणते, "हा फार गुणी आहे गं, याला काही बोलू नकोस. पण माझा हेमंत कुठे जेवत असेल?"